पाण्यात लाल कसा दिसतो

काकांच्या घरातला वरचा बाथटब आंघोळीसाठी नव्हता. तो लाकडी माशांसाठी होता. ओव्हरफ्लोच्या भोकावर टेप चिकटवून टब काठोकाठ भरलेला, आणि शेजारी पाट टाकून, कानटोपी घालून काका बसलेले. हातात वीतभर काठी, काठीला दोरा, दोऱ्याला मासा. काठी उचलली की मासा गोल फिरायचा, सैल सोडली की तरंगत खाली जायचा. फिरताना जरा जरी डुगडुगला तर काका म्हणायचे, "दारू प्यायलाय," आणि त्याला बाहेर काढून पोटातल्या शिशावर कानस फिरवत बसायचे. शिसं ओतायचं गॅरेजमध्ये, शेपटीचा पत्रा वाकवायचा डायनिंग टेबलावर, आणि परीक्षा टबात. पाहुण्यांनी हात धुवायला वर जाऊ नये म्हणून जिन्याच्या तोंडाशी कपड्यांचा स्टँड आडवा लावलेला असायचा. पाहुणे तसेही कुणी येत नव्हते.

मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायला गेले ते घटस्फोटाचे कागद नुकतेच हातात पडल्यावर. एकटीला परवडेल आणि ऑफिसला जवळ पडेल अशी परदेशातल्या ह्या ईडन प्रेरी गावातली तेवढी एकच जागा होती. जागा दाखवताना काकांनी एकच प्रश्न विचारला.

"मासे चालतात ना?"

"चालतात म्हणजे? धावतात," मी म्हटलं. मी सांगलीची, नदीचा मासा खाऊन वाढलेली. मला वाटलं, चला, ओट्यावर कटकट नाही.

सामान लावल्यावर कळलं की माझ्या वॉशिंग मशीनला खेटून जो मोठा सिंक होता त्यात जिवंत मासे होते. सकर जातीचे, बिनदाताचे, गरीब तोंडाचे. दिवसरात्र पंप बुडबुडत असायचा. मी वर जाऊन भांडले. काका शांतपणे म्हणाले, "मी विचारलं होतं." मग जरा थांबून, "अंडी खातेस का गं? टरफलं टाकू नकोस, मला दे." स्वतः काका शुद्ध शाकाहारी. अकोल्याचं घर, चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य. आता बोला!

हे काय प्रकरण आहे ते मला पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी ओढून नेऊन दाखवलं. तळं पुरतं गोठलं की बर्फात करवतीनं चांगलं ऐसपैस चौकोनी भोक कापायचं. त्यावर बिनखिडकीची लाकडी खोपटी आणून ठेवायची. आत शिरून दार लावायचं आणि पालथ्या बादलीवर बसायचं. वर मिट्ट काळोख, आणि पायाशी पाणी मात्र उजळलेलं, हिरवं. बाहेरचा उजेड बर्फातून झिरपून पाण्यात जातो आणि त्या भोकातून वर येतो. तळाशी माझ्या अंड्यांची पांढरी टरफलं पसरलेली असायची, कारण त्यांच्यावरून काही काळं सरकलं की लगेच कळतं. काळं म्हणजे पाईक. लांबडा, दातेरी, बघूनच मनात धस्स व्हावं असा मासा. तो आला की भाल्याचे दाते आधी हळूच पाण्यात बुडवायचे, म्हणजे आवाज होत नाही, आणि दोरीला बांधलेला तो भाला बरोबर मानेच्या मागे सोडायचा. "भाला फेकायचा नसतो," काका म्हणायचे. "सोडायचा असतो. जड आहे, तो जातो आपला."

पाईक यावा म्हणून दोन दोऱ्या सोडलेल्या असायच्या. एकीला लाकडी मासा, दुसरीला जिवंत सकर. काका त्यांना खोटा आणि खरा म्हणायचे. खऱ्याच्या पाठीवरच्या पराशी ते एक मोठी सेफ्टी पिन इतक्या हलक्या हातानं टोचायचे की सकरला पत्ता लागू नये. त्या पिनेला पिवळं प्लॅस्टिकचं बदक होतं. त्यांच्या मुलाच्या लहानपणीच्या लंगोटाच्या पिना होत्या त्या, जपून ठेवलेल्या. संध्याकाळी पिन सोडवून सकर परत माझ्या मशीनशेजारी.

"खऱ्याला काही करावं लागत नाही," काका म्हणायचे. "तो नुसता भितो. भ्यालेला मासा लांबून कळतो. खोट्याला पोहावं लागतं." आणि पाईक यायचे ते बहुतेक खऱ्याकडेच. काकांना ह्याचा मनापासून राग होता. आयुष्यभर खोटे मासे कोरलेला माणूस, आणि पाईक येऊन बघणार कुणाकडे, तर सिंकमधल्या त्या मठ्ठ सकरकडे.

"येऊन नुसता बघून गेला तर?" मी एकदा विचारलं.

"बघून जातातच पुष्कळ. काही भुकेनं येतात, काही रागानं येतात, हा कोण माझ्या हद्दीत म्हणून. आपल्याला काय त्याचं? आला म्हणजे झालं."

खोपटीत बोलायचं नाही हा नियम होता. फोन बंद, खोकला आला तर तोंडात स्कार्फ. मी तर तोंडाळ बाई, ऑफिसात चुका काढण्याचा पगार घेते. पहिल्या शनिवारी मला वाटलं मी मरणार. पण खरं सांगते, त्या वर्षी मला तसंही कुणाशी काही बोलायचं नव्हतं. दोन माणसांनी दिवसभर एका भोकात बघत बसायचं, हे माझ्या प्रकृतीला मानवलं. पुढच्या शनिवारी मीच थर्मास भरून दाराशी उभी होते.

शाकाहारी माणूस ह्या नादाला लागला तो काकूंमुळे. काकू वेंगुर्ल्याच्या. लग्न होऊन इकडे आल्या आणि माशावाचून झुरायला लागल्या. त्या काळी दुकानात मिळायचा तो बर्फात घातलेला चौकोनी तुकडा, ना रंग ना वास. काका नोकरी करायचे त्या मशीन शॉपमधला एक म्हातारा फोरमन त्यांना तळ्यावर घेऊन गेला आणि काका पहिला पाईक घेऊन घरी आले. काकूंनी तिरफळ घालून त्याचं कालवण केलं. पुढे सगळे हिवाळे काकांनी मासे मारले, साफ केले, हातांचा वास जावा म्हणून लिंबं चोळली, आणि एक घासही खाल्ला नाही. काकू जेवायला बसल्या की नाकाला रुमाल लावून समोर बसायचे आणि त्यांना काटे काढताना बघायचे. खोट्या माशांना रंग काकू द्यायच्या. नेलपॉलिशनं. "ती कधी तळ्यावर आली नाही," काका सांगायचे. "थंडीला भ्यायची. पण प्रत्येक माशाचा रंग पाण्यात कसा दिसतो ते मी घरी येऊन सांगायचं, असा शिरस्ता होता."

मी काकूंना पाहिलं नाही. मी येण्याआधी त्या गेल्या होत्या, कॅन्सरनं, घरीच, दिवाणखान्यात लावलेल्या हॉस्पिटलच्या कॉटवर. आणि त्या गेल्या तेव्हा काका तळ्यावर खोपटीत बसले होते, फोन बंद करून.

हे मला आधी मंडळातल्या एका मावशींनी सांगितलं. गणपतीच्या प्रसादाची बुंदी खात खात. "अगं, बायको शेवटच्या घटका मोजतेय आणि हा बाबा मासे मारायला! मुलगा बिचारा एकटा. त्यानं स्मशानातच सांगितलं, पुन्हा तुमचं तोंड बघणार नाही म्हणून." मुलगा दूर, विमानानं जावं लागतं अशा बॉथेलला असतो, एकुलता एक. तेव्हापासून आलेला नव्हता.

मी काही पोटात ठेवणाऱ्यातली नाही. घरी येऊन सरळ विचारलं. काका गॅरेजमध्ये होते. त्यांनी कपाटातून एक खोटा काढून माझ्या हातात दिला. एक बाजू लालबुंद, नेलपॉलिशचे दोन हात दिलेले. दुसरी बाजू कोरं लाकूड.

"त्या दिवशी सकाळी तिनं उशांना टेकून हा रंगवला," काका म्हणाले. "एक बाजू झाली आणि दमली. म्हणाली, पाण्यात लाल कसा दिसतो बघून या. चांगला दिसला तर दुसरी बाजू करते. मी म्हटलं, आज नको. तर म्हणाली, जा हो, इथं बसून माझा श्वास काय मोजताय."

"मग?"

"गेलो. बघितला. खाली गेला की काळा दिसतो लाल. सांगणार होतो तिला, लाल नको, पिवळा लाव म्हणून."

पंप बुडबुडल्याचा आवाज खालून येत होता. मी चिडले. "हे मुलाला का नाही सांगितलंत? तिनंच पाठवलं होतं हे?"

"तो खाली फोनवर होता तेव्हा. त्यानं ऐकलं नाही. ही फोनवर सांगायची गोष्ट आहे का गं? समोर बसला की सांगीन. एकदा येऊ दे."

"मी सांगू?"

"अजिबात नाही. तुझ्या तोंडून ऐकलं तर म्हणेल, पढवून ठेवलीय."

तर काकांना ह्या जगात एवढंच हवं होतं. मुलगा समोर यावा आणि त्याला एक वाक्य सांगावं. बाकी आयुष्य मग बाथटबात मासे फिरवण्यात गेलं तरी चाललं असतं.

दुसऱ्या हिवाळ्यात काका माझे फोटो काढायला लागले. खोपटीच्या दाराशी मला उभं करायचं, हातात पाईक द्यायचा, "दात दाखव" म्हणायचं. मला वाटलं, म्हाताऱ्याला कौतुक. एकदा त्यांचा फोन अडकला म्हणून मला दाखवायला दिला, तर हे सगळे फोटो 'घर' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. ग्रुपात तीन माणसं. काका, मुलगा, आणि काकूंचा नंबर, तसाच ठेवलेला. मुलाचं एक अक्षर उत्तर नाही, पण प्रत्येक फोटो त्यानं बघितलेला होता. आणि फोटोंखाली काकांनी काय काय लिहून ठेवलं होतं! 'आज हिने मारला. नेम माझ्यापेक्षा चांगला.' मी भाल्याला हातही लावलेला नव्हता. शेवटच्या फोटोखाली होतं, 'खोपटी हिला देऊन टाकली. आता घराचंही बघतो.'

माझं डोकं फिरलं. "काका, काय हा चावटपणा? तुमच्या मुलाला वाटेल कोण ही भवानी बापाला लुबाडायला बसलीय! मला एका शब्दानं विचारलंत?"

"सकरला विचारतात का?" काका म्हणाले.

एवढं बोलून ते ओशाळले. संध्याकाळी माझ्या दाराशी झाकलेली वाटी ठेवून गेले, त्यात शिरा होता, बेदाणे जरा जास्तच. मी खाल्ला, पण बोलले नाही. रागात मी असं म्हणाल्याचं आठवतं, की ह्या माणसाला सरळ हाक मारता येत नाही, त्याला सगळीकडे दोरीच सोडावी लागते. ते कुणालाच ऐकू गेलं नाही, सकर सोडून.

पण मुलगा आला. त्याच आठवड्यात, शनिवारी. आधी मेसेज केला होता, त्यामुळे काका पहाटेच तळ्यावर निघून गेले होते. जाताना मला म्हणाले, "त्याला घेऊन ये. घरात नको. त्या कॉटच्या जागेसमोर मला बोलता येणार नाही."

"तिथं तरी बोलाल ना?"

"बोलतो," ते म्हणाले. मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखे घाबरलेले होते.

मुलगा पंचेचाळिशीचा, भाड्याच्या गाडीतून आलेला, पायात पातळ शूज. "तुम्ही बेसमेंटवाल्या?" त्यानं विचारलं. मराठी लहानपणीचं, तिथंच थांबलेलं. मी म्हटलं, "हो, आणि मला तुमचं घर नको आहे. मला ड्रायर दुरुस्त करून हवाय, तो तुमचे वडील करत नाहीत." त्याला हसू आलं असावं, पण ते त्यानं आवरलं.  बर्फावर दोनदा घसरला तेव्हा मी दंड धरला, तळ्यापर्यंत तेवढाच काय तो संवाद.

खोपटीत काकांनी तिसरी बादली आणून ठेवली होती. खाली दोन्ही दोऱ्या सोडलेल्या. खरा आपला थरथरत उभा. आणि दुसऱ्या दोरीला तोच, अर्धा रंगवलेला. हिरव्या पाण्यात तो गोल फिरत होता, एकदा काळी बाजू, एकदा कोरी. त्या माशाला काकांनी पाण्यात घातलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता हा दाखवून सांगणार. छान, बरोबर आहे, तसंच सांगा.

काका काही बोलेनात. काठी उचलत होते, सोडत होते. मी त्यांना कोपरानं ढोसलं. ते खाकरले आणि त्यांनी पुन्हा काठी उचलली.

शेवटी मुलगाच बोलला. पाण्याकडे बघत, हळू आवाजात. "बाबा, आई सारखी विचारत होती. आले का, आले का. मी दरवेळी म्हणायचो, येतायत. आय लाइड टू हर. तुम्ही फोन उचलला नाही." मग तो काकांकडे वळला. "जस्ट टेल मी. तुम्ही का गेला होता?"

काकांचा हात थांबला. 'आले का' हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं. काळोखात चेहरा दिसत नव्हता, पण श्वास ऐकू येत होता. त्यांनी तोंड उघडलं, हे मी शपथेवर सांगते. मी एवढी जवळ होते की ओठ सुटल्याचा आवाज मला आला.

आणि टरफलांवरून काळं सरकलं.

एवढा मोठा पाईक मी कधी पाहिला नव्हता. तो आला आणि थांबला. खऱ्याकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. अर्ध्या रंगवलेल्या खोट्यासमोर नाक लावून तो उभा राहिला.

"बाबा?"

"श्श," काका म्हणाले. "हलू नकोस."

 मी म्हणणार होते, अहो मरू दे तो मासा! पण दोन हिवाळ्यांच्या सवयीनं माझीही जीभ उचलली नाही. काकांनी भाला उचलला, दाते पाण्यात बुडवले, आणि सोडला. पाणी उसळलं, दोरी सरसरली, खोपटीभर थंडगार शिंतोडे उडाले. काका गुडघ्यांवर बसून दोरी ओढत होते, धापा टाकत होते, आणि लहान मुलासारखे ओरडत होते, "ह्यालाच आला! बघ, ह्यालाच आला! तुझ्या आईच्या माशाला..." मासा वर घेऊन ते वळले तेव्हा दार उघडं होतं. बाहेरचा पांढरा उजेड एकदम आत आला होता आणि मुलाची बादली रिकामी होती.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला," मी म्हटलं. मग मात्र माझा तोल सुटला. मी त्यांना नको नको ते बोलले. ते ऐकत राहिले, मासा मांडीवर घेऊन. तो अजून शेपटी आपटत होता. मी बाहेर पळाले, पण मुलगा किनाऱ्याला पोचला होता आणि गाडी सुरू झाली होती.

लोक म्हणतील, म्हाताऱ्याला मुलापेक्षा मासा मोठा. मला विचाराल तर काका घाबरले. आलेल्या माशाचं काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. आलेल्या मुलाचं काय करायचं ते ठाऊक नव्हतं.

त्या माशाचा फोटो त्यांनी ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बोलायचं राहिलं.' मुलानं बघितला. उत्तर आलं नाही. मासा मी रांधला, तिरफळं काकूंच्याच डब्यातली. काका नाकाला रुमाल न लावता समोर बसले होते. त्यानंतर टबात पाणी भरलं गेलं नाही. बर्फ वितळायला लागल्यावर खोपटी गॅरेजमागे आणून ठेवली ती तिथंच राहिली. सकर त्यांनी एकेक करून ओढ्यात सोडले, आणि माझी बेसमेंट इतकी शांत झाली की मला झोप लागेना. तळं पुन्हा गोठायच्या आत, पानं पडण्याच्या दिवसांत, काका गेले. गॅरेजमध्ये खुर्चीत, हातात कानस, समोर अर्धवट कोरलेलं लाकूड. मलाच सापडले.

मुलगा आला. सगळं त्यानं नीट केलं, फोन, कागद, स्मशान. रडला नाही. घर विकायचं ठरलं, मलाही जागा शोधायची होती. सामान बांधताना तो वरच्या बाथरूमच्या दाराशी उभा राहिला आणि टेप लावलेला कोरडा टब बघत म्हणाला, "हे काय आहे?"

आता मला कुणाची मनाई नव्हती. मी गॅरेजमधून तो मासा आणला, काठी आणि दोऱ्यासकट, त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. उशांना टेकून रंगवलेली एक बाजू. पाण्यात लाल कसा दिसतो बघून या. इथं बसून माझा श्वास काय मोजताय. आणि त्या दिवशीचा पाईक, तो ह्यालाच आला होता.

तो मला 'पढवून ठेवलीय' म्हणाला नाही.  त्यानं नळ सोडला. टब भरायला बराच वेळ लागतो, तेवढा वेळ आम्ही दोघं तसेच उभे होतो. मग तो पाटावर बसला, मासा पाण्यात सोडला आणि काठी उचलली. मासा गोल फिरला, अजिबात न डुगडुगता.

"रेड दिसतोय," तो म्हणाला. "छान दिसतोय."

"टबात दिसतो. तळ्यात खाली गेला की काळा दिसतो. त्या दिवशी काकांनी तेच बघितलं. लाल नको, पिवळा लाव, असं येऊन सांगणार होते."

त्यानं काठी सैल सोडली, पुन्हा उचलली. लाल बाजू गेली, कोरी आली.

"मग आईला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

तो काठी उचलत राहिला, सोडत राहिला. टब भरून पाणी फरशीवर सांडायला लागलं, त्याचे मोजे भिजले, तरी तो उठेना. नळ शेवटी मीच बंद केला.